विध्यर्थ

मला पोहता येत नाही, हे मी आधीच सांगितलं होतं.
केर्सी म्हणाला, पोहायला नाही, ऱ्हस्व-दीर्घाला बोलावलंय.
चाळीस वर्षं मुद्रितं तपासली मी नारायण पेठेत,
पंचांगं, गाइडं, एका बँकेचे अहवाल.
जोडहोडी पाहिली ती थेट खडकवासल्याच्या काठावर,
घासून पालथ्या घातलेल्या
दोन लांबुडक्या कढयांसारखी.

नियम मराठीतच हवे होते,
कारण होड्या बांधतो गोऱ्ह्याचा ज्ञानोबा चोरघे
आणि त्याचं म्हणणं,
कागद मला कळला नाही तर फायबरला काय कळणार.

शेडमध्ये बैठक. टेबल म्हणजे एक जुनं दार.
लांबी साडेपाच मीटर, रुंदी अडीच,
दोन्ही नावा एकाच साच्यातल्या,
वजन एकशे चाळीस किलोच्या खाली नाही.
इतकं चहाच्या पहिल्या फेरीत उरकलं.
मग मी लिहिलं :
डोलकाठी ॲल्युमिनियमची असावी.

यासीन शिकलगार, भवानी पेठेत
ताडपत्र्यांच्या दुकानावरच्या माळ्यात शिडं शिवणारा,
बोट वर करून म्हणाला : असावी म्हणजे?
‘ते दुकानात असावेत’ असं बायको सांगते
तेव्हा मी कँपात चहा पीत असतो.

सगळे हसले. मला हसू आलं नाही.
विध्यर्थ. सातवीत घोकलेला.
इच्छा, कर्तव्य, तर्क, योग्यता,
सगळी बिऱ्हाडं एकाच ‘वा’त.
मुलांनी खरं बोलावं.
बस चुकली असावी.
एका प्रत्ययात एवढी ढिली जागा
की तिच्यातून कार्बनची काठी सहज निघून जाईल,
एका काठीला तीन होड्यांचे पैसे,
आणि मग शर्यत पाण्यावर कशाला,
चेकबुकांवरच लावा.

‘असेल’ लिहावं, तर ते भविष्य.
‘आहे’ लिहावं, तर खोटं, होडी अजून बांधलीच नाही.
‘असलीच पाहिजे’ : केर्सीला वाटलं
पाणीपट्टीची नोटीस आली.

दारात ओल्या पायांनी उभी ओवी ढमढेरे,
सतरा वर्षांची, अंगावर अजून ट्रॅपीझचा पट्टा.
म्हणाली, उलटं लिहा ना.
लिहिलंय तेवढंच चालेल.
जे लिहिलं नाही, ते नाही.

पत्र्यावर एक फांदी घासत राहिली.
माझ्या वडिलांचं घर याच कलमावर चालायचं.
नदी चार मिनिटांवर.
जाऊ नको, असं ते कधीच म्हणाले नाहीत.
जा, असंही नाही.

लिहिलं मी ते, नियम एक म्हणून, सुवाच्य अक्षरात.
माणसाला जाचतं, पण होडीला शोभतं.

चोरघे तोवर गप्प होता.
मग म्हणाला, मे महिन्यात साचा तापतो.
डावी नाव अंगानं जरा भरते, उजवी नाही.
तीन मिलिमीटर तरी धरा, नाहीतर
माझी एकही होडी माझ्याच नियमात बसायची नाही.
मी शेवटी लिहिलं : चूकभूल द्यावी घ्यावी,
मर्यादा तीन मिलिमीटर.
नियमावलीत असं नसतं, केर्सी म्हणाला.
असू द्या, चोरघे म्हणाला,
आणि लक्षात आलं, हाही विध्यर्थाचाच कुणी भाऊबंद.

दुपारी मार्केट यार्डातून आणलेला काटा,
फटीत कांद्याची सालं.
होडी भरली एकशे अडतीस किलो सहाशे.
पुढच्या तुळईखाली शिशाची चकती ठोकली,
एक किलो चारशे, दोन स्क्रू, वर माझी सही.

बसा काका, ओवी म्हणाली, दुसरं माणूस लागतंच.
मी कागद चाळला. माणसं दोन, एवढंच होतं.
पोहण्याबद्दल अक्षर नाही.
सुटलं होतं माझ्याच नजरेतून,
आता त्याचा अर्थ चालेल की नाही,
हे कुणाला विचारावं?
जाकिटाचं मात्र होतं, नियम अकरा.
बक्कल असलंच पाहिजे, मीच लिहिलेलं.
लावलं.

जाळीच्या भोकांतून खाली हिरवं पाणी पळायला लागलं.
उजवी नाव हळूच वर उचलली गेली.
सिंहगड आधी डाव्या हाताला होता,
मग उजव्या.